नको असेल तर नको म्हणा

हस्तलिखित नाकारणं हा प्रकाशकाचा हक्क आहे. उत्तरच न देणं हा हक्क नाही.

आजच्या सदराचा मुद्दा एवढाच आहे आणि तो मी जराही मऊ करणार नाही. नव्या मराठी लेखकाच्या वाट्याला जे येतं त्याचा क्रम आता ठरून गेला आहे. हस्तलिखित पाठवलं, पोच नाही. दोन महिन्यांनी विचारलं, ‘वाचायला दिलंय.’ सहा महिन्यांनी विचारलं, ‘बघतो, कळवतो.’ त्यानंतर फोन उचलला जात नाही. मग कुणीतरी जाणता माणूस लेखकाला बाजूला घेऊन समजावतो, ‘उत्तर आलं नाही म्हणजे नाही, हे आपण ओळखायचं असतं.’

का ओळखायचं? ज्यानं नोकरी सांभाळून, रात्री जागून तीनशे पानं लिहिली, त्याला ‘नको’ हा शब्दही अंदाजानंच मिळवावा लागणार असेल, तर चूक त्याच्या समजुतीची नाही. चूक टेबलापलीकडे आहे.

हा प्रश्न पुण्यात बसून पाहिला तर लहान दिसतो. तो खांडबाऱ्यातून पाहायला हवा. नंदुरबार जिल्ह्यातलं, नवापूर तालुक्यातलं, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं हे गाव. इथून सुरत जवळ आणि पुणे लांब. भोवतालच्या पाड्यांवर मावची, कोकणा, भिली बोलतात, बाजारात अहिराणी आणि गुजराती कानावर पडतात, शाळेत मराठी. समजा, या भागातल्या एखाद्या आश्रमशाळेतल्या तरुण शिक्षकानं ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांवर कादंबरी लिहिली. संवाद मावचीत, निवेदन मराठीत. ती त्यानं पुण्याच्या प्रकाशकाला पाठवली. आता त्याच्या हातात काय आहे? एक ई-मेल पत्ता आणि एक फोन नंबर, बस्स.

सदाशिव पेठेत राहणाऱ्या नव्या लेखकाचंही उत्तर रखडतं, पण तो अप्पा बळवंत चौकातून जाता जाता दुकानात डोकावतो. पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमात प्रकाशक भेटतो, चहाच्या वेळी विषय निघतो, निदान चेहऱ्यावरून तरी काही कळतं. खांडबाऱ्याच्या लेखकाला यातलं काहीच नाही. त्याच्यासाठी पत्र हीच भेट आणि पत्र हीच ओळख. पुण्यातल्या लेखकाला जो उशीर वाटतो, तो इथल्या लेखकाला निकाल वाटतो. मौन सगळ्यांना सारखंच दिलं जातं, पण त्याची किंमत लांबच्या माणसाला जास्त मोजावी लागते.

त्यात या मुलखाला न मिळालेल्या उत्तरांचा जुना अनुभव आहे. वनहक्काचा दावा दाखल करून वाट पाहणं, जातपडताळणीचे कागद देऊन वाट पाहणं, हे इथल्या घरांना कुणी शिकवावं लागत नाही. कागद वर गेला आणि उत्तर आलं नाही, याचा अर्थ ‘तुम्ही मोजण्यात नाही’ असाच इथे लागतो. प्रकाशकाच्या मनात तसं नसेलही. तरी त्याचं मौन त्याच ओळीत जाऊन बसतं. अशानं एखादा माणूस दुसरं पुस्तक लिहीतच नाही. हे नुकसान कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ते कुणी मोजत नाही.

आणि बघा, ज्या सरकारला आपण रोज नावं ठेवतो त्या सरकारनंसुद्धा निदान कागदावर मुदत मान्य केली. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवस. राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. त्यात अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत आहे आणि ती पाळली नाही तर अपील आहे. मुदती मोडल्या जातात, हे खरं. पण मोडायला आधी मुदत तरी आहे. मराठी ग्रंथव्यवहारात तीच नाही.

प्रकाशकाची बाजू मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. मराठी प्रकाशन संस्था म्हणजे बहुतेक ठिकाणी एक मालक आणि हाताखाली मोजकी माणसं. मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, दुकानदारांकडची थकलेली बिलं, सगळं त्याच हातांतून जातं. नव्या लेखकाची आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची, तीही खपायला वर्षं जातात. हस्तलिखित वाचायला बाहेरचा परीक्षक लागतो आणि त्याला देण्यासारखे पैसे नसतात. दिवाळीच्या आधी दिवाळी अंक, नंतर संमेलन, मग ग्रंथालयांची खरेदी. वर्षाचे कितीतरी महिने असेच निघून जातात. कवितासंग्रहांचा ढीग तर कधीच संपत नाही.

सगळं मान्य. पण यातली कुठलीही अडचण दोन ओळी लिहिण्याच्या आड येत नाही. ‘हस्तलिखित मिळालं, तीन महिन्यांत कळवू.’ ‘आमच्या यादीत हे पुस्तक बसत नाही, धन्यवाद.’ ‘यंदा कविता घेत नाही.’ याला परीक्षक लागत नाही, मानधन लागत नाही. पूर्ण पुस्तक वाचलंच पाहिजे असंही नाही. पहिल्या तीस पानांत नको वाटलं तर तेवढंच कळवा. लेखकाला कारणांचं शास्त्र नको असतं. मोकळं व्हायचं असतं.

आणि हे आपल्याकडे होत होतं. हस्तलिखितासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायची रीत होती. संपादक त्या पाकिटातून लेखन ‘साभार परत’ पाठवत. ती चिठ्ठी पाहून लेखकाच्या पोटात गोळा यायचा, पण पाकीट घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पत्त्यावर निघायचं. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन तर लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत. काय जमलं, काय जमलं नाही, कुठे पुन्हा लिहायला हवं, हे सांगत. त्या पत्रांवर लेखकांच्या पिढ्या घडल्या.

त्याच ‘सत्यकथे’ची १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी होळी केली. त्या संपादकांची साहित्याची व्याख्या अपुरी आहे, आमचं जगणं तिच्यात मावत नाही, हा त्यांचा संताप होता आणि तो खरा होता. पण त्या संतापाला समोर उभा राहणारा कुणीतरी होता. त्याची आवड ठाऊक होती, त्याचं म्हणणं ठाऊक होतं, म्हणून त्याच्याविरुद्ध उभं राहता आलं. नकाराशी भांडता येतं. मौनाशी भांडायचं कसं? त्याची होळीसुद्धा करता येत नाही.

नकारानं लेखक मरत नाही, याचे दाखले हवेत? जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ नाटक दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवलं. कमिटीनं ते नाकारलं. ते नाटक छापून यायला १९७९ साल उजाडलं. पण फुले त्या नकारापाशी थांबले नाहीत. १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पवाडा आला, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आली. कमिटीनं नाटक कुणाच्या सांगण्यावरून नाकारलं, हे त्यांनी उघड लिहून ठेवलं. नकार मिळाला म्हणून ते लिहिता आलं.

बाहेरचा दाखला घ्या. जॉर्ज ऑर्वेलचं ‘ॲनिमल फार्म’ १९४४ मध्ये लंडनच्या फेबर या संस्थेकडे गेलं. तिथे टी. एस. एलियट होते. त्यांनी पुस्तक नाकारलं आणि का नाकारतो हे पत्र लिहून कळवलं. त्यांचा निर्णय चुकला, हे पुढे जगानं पाहिलं. पण पत्र आलं होतं, म्हणून ऑर्वेल पुढच्या दारापर्यंत जाऊ शकला आणि ऑगस्ट १९४५ मध्ये पुस्तक वाचकांच्या हातात होतं. चुकीचा नकारसुद्धा वेळेत आला तर पुस्तक वाचतं.

आता वेळेवर मिळालेल्या होकाराचं बोलू, आणि त्यासाठी खानदेशाबाहेर जायची गरज नाही. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यांच्या हयातीत पुस्तक नव्हतं. गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली होती. मुलगा सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे सासवडचे. खानदेशी बोली त्यांच्या घरातली नव्हती. पण ‘परीक्षकाकडे देतो, बघतो’ असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी वाचलं, ओळखलं, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्रापुढे आली. बोली अनोळखी आहे म्हणून हस्तलिखित पडून राहिलं, असं सांगणाऱ्या प्रत्येकानं हा प्रसंग आठवावा.

यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली तेव्हा लेखक पंचविशीत होता. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीच्या रा. ज. देशमुखांनी या नवख्या पोरावर विश्वास टाकला आणि मराठी कादंबरी बदलली. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्याचे वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. भिली जगण्यातून आलेली ती कविता पुढे देशभर गेली. या मुलखाकडे लिहिण्यासारखं आहे का, हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. उत्तर प्रकाशकांकडून यायचं बाकी आहे.

मावची संवादांचं हस्तलिखित वाचणारा परीक्षक आपल्याकडे नाही, ही अडचण असेल तर ती लेखकाला कळवा. तो शब्दांची यादी करून देईल, एखादा जाणकार सुचवेल, हवं तर प्रत्येक संवादाखाली मराठी अर्थ देईल. ज्याला अडचणच कळली नाही, तो ती सोडवणार कशी?

आता लेखकांशी बोलतो, कारण प्रकाशक सुधारेपर्यंत तुम्ही हातावर हात ठेवून बसू नये.

पहिलं म्हणजे, पाठवतानाच मुदत लिहा. पानभर पत्र पुरे: पुस्तक कशाबद्दल आहे, किती पानांचं आहे, कुठला भाग आधी छापून आला आहे. शेवटी स्पष्ट वाक्य: ‘तीन महिन्यांत आपला निर्णय कळला नाही तर मी हे लेखन अन्यत्र पाठवेन.’ यात उद्धटपणा काहीही नाही. एका वेळी एकाच प्रकाशकाकडे द्यावं, हा संकेत मला मान्य आहे. पण तो संकेत दोन्ही बाजूंनी पाळला गेला तरच टिकतो. तुम्ही एकनिष्ठ राहायचं आणि त्यांनी उत्तरही द्यायचं नाही, ही एकतर्फी बांधिलकी कुणीही मानू नये.

एकुलती एक प्रत कधीही पाठवू नका. टपालानं पाठवलं तर पोचपावती ठेवा. रजिस्टर टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा. ई-मेल केला तर तो वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवा. मुदत संपली की एक आठवण, एकच. तिलाही उत्तर नाही आलं तर लेखी कळवा की हस्तलिखित मागे घेत आहे, आणि त्याच दिवशी पुढच्या पत्त्यावर पाठवा. विनवण्या करू नका. कुणाच्या ओळखीचा माणूस शोधत फिरू नका.

दुसरं, कायदा जाणून घ्या. लेखनाचा कॉपीराइट ते लिहिल्याबरोबर तुमचा होतो; त्यासाठी नोंदणीची अट नाही. कुणाच्या टेबलावर पडून राहिल्यानं तो त्यांचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम प्रत्येक नव्या लेखकानं वाचावं. हक्क द्यायचा तर तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. आणि हक्क घेऊन प्रकाशकानं वर्षभर काहीच केलं नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास तो हक्क लेखकाकडे परत येतो. म्हणजे सही करून हक्क विकत घेणाऱ्यालाही कायदा एक वर्ष देतो. ज्यानं सही केली नाही, पैसा दिला नाही, शब्दही दिला नाही, तो दोन दोन वर्षं हस्तलिखित अडवून बसतो. हे आपण कशासाठी चालवून घेतो?

तिसरं, थकलेल्या अवस्थेत येणाऱ्या झटपट होकारापासून सावध राहा. दीड वर्ष मौन सोसलेल्या माणसाला कुणीतरी दोन दिवसांत फोन करतो, ‘अप्रतिम लिहिलंय, लगेच काढू,’ आणि पाठोपाठ रक्कम सांगतो. पैसे देऊन पुस्तक काढणं हा गुन्हा नाही. पण मग तो व्यवहार आहे हे ओळखा आणि व्यवहारासारखाच करा: किती प्रती, कुठला कागद, मुद्रितशोधन कोण करणार, उरलेल्या प्रती कुणाच्या, वितरण कोण करणार, सगळं लेखी. आयएसबीएन हा आकडा भारतात सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर विचारा, कशाचे? उशिरानं पोखरलेला आत्मविश्वास हे काही लोकांचं भांडवल आहे. ते त्यांना देऊ नका.

चौथं, प्रकाशक हे एकमेव दार नाही. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्याच पुस्तकासाठी आहे. जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि मुदत पाळून अर्ज करा. नियतकालिकांत, दिवाळी अंकांत एकेक प्रकरण, एकेक कथा पाठवत राहा. छापून आलेलं प्रकरण हे तुमच्या वतीनं बोलणारं उत्तम पत्र असतं. आणि लघुअनियतकालिकांचा इतिहास वाचा. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी १९५०च्या दशकात ‘शब्द’ काढलं तेव्हा कुणाच्या होकाराची वाट पाहिली नव्हती. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ मध्ये आला तोही अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’कडून, मोठ्या दुकानातून नव्हे. बंद दारापुढे बसून राहिले असते तर मराठी कविता आज कितीतरी गरीब असती.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: पुढचं लिहायला घ्या. पहिल्या पुस्तकाच्या उत्तरावर दुसऱ्या पुस्तकाचा जन्म टांगून ठेवू नका. तुमच्या हातात असलेलं काम तेवढंच आहे आणि ते कुणाला अडवता येत नाही.

प्रकाशकांना शेवटचं सांगतो, आणि हे कळकळीनं सांगतो, कारण तुमच्याशिवाय मराठी पुस्तक वाचकापर्यंत पोचत नाही हे मला ठाऊक आहे. राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे पुरस्कार आहेत. कवितेच्या पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार तर बहिणाबाई चौधरींच्या नावानं आहे. नव्या माणसाचा मान आपण अशा नावांनी करतो आणि तोच नवा माणूस पत्र पाठवतो तेव्हा त्याला पोचही देत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्या भाषेत जो आज पहिल्यांदा लिहितो आहे, त्याला दोन ओळींचं उत्तर देता येत नसेल तर त्या दर्ज्याचं आपण करणार काय?

काम अवघड नाही. आपल्या संकेतस्थळावर आणि पुस्तकांच्या सूचीत चार गोष्टी छापा: सध्या हस्तलिखितं घेता की नाही, कुठल्या प्रकारची घेता, पोच किती दिवसांत देता, निर्णय किती महिन्यांत. घेत नसाल तर ‘सध्या बंद’ असं लिहा. त्यात कमीपणा नाही. पंधरा दिवसांत पोच आणि तीन महिन्यांत निर्णय, ही मुदत प्रकाशकांच्या संघटनांनी एका ठरावात मान्य करावी आणि पुढच्या साहित्य संमेलनात जाहीर करावी. जे प्रकाशक आजही प्रत्येक पत्राला उत्तर देतात, त्यांची नावं लेखकांनी एकमेकांना सांगावीत, आणि नवं लेखन आधी त्यांच्याकडे जावं. वेळेत उत्तर देणाऱ्याला चांगलं हस्तलिखित आधी मिळतं, हे एकदा दिसू लागलं की बाकीचेही उत्तर देऊ लागतील.

नव्या लेखकाला तुमचा होकार हवा असतो, पण तो त्याचा हक्क नाही. तुमचं उत्तर मात्र त्याचा हक्क आहे. आवडलं असेल तर कळवा. नको असेल तर नको म्हणा, आणि याच आठवड्यात म्हणा.